बाटलीतला सामाईक फणस

महिपतराव सुर्व्यांना फणसाचा एक कोंब हवा होता. करंगळीच्या नखाएवढा. एवढ्याशा कोंबासाठी माणसाला दिवाणी कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं, हे शेतकीच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. निदान त्यांनी वाचलेल्या पुस्तकांत तरी नव्हतं.

शेतकी खात्यातली नोकरी तशी ठेवून, अभ्यासाची रजा काढून, चाळिशी ओलांडलेले महिपतराव एम.एस्सी.ला बसले होते. विषय होता कृषी जैवतंत्रज्ञान. हा विषय तेव्हा इतका नवा होता की सगळ्या रत्नागिरीत त्याचं नाव शेवटपर्यंत उच्चारणारा माणूस सापडत नव्हता. माळनाक्यावरचा न्हावी "म्हणजे खतंच ना?" असं विचारून कात्री चालवू लागे. शेजारचे गफूरभाई जन्म बोटीवर काढून घरी बसलेले, त्यांनी चार देशांचं पाणी प्यायलेलं, पण तेही म्हणाले, "भाऊ, कृषी तिथपर्यंत बरोबर हाय. पुढचं शेपूट कशाला लावलात?" खुद्द मथुराबाई, म्हणजे महिपतरावांच्या सौभाग्यवती, पाहुण्यांना सांगत, "हे पुढचं शिकतायत." पुढचं म्हणजे कुठलं, हे पाहुणेही विचारत नसत.

आता हा उद्योग कशासाठी, तर कचेरीतल्या बाळा तांब्यासाठी. हा तांबे महिपतरावांच्या हाताखाली आला, एम.एस्सी. आहे म्हणून वर्षभरात त्यांच्या डोक्यावर गेला आणि तिथून शिपायांच्या देखत त्यांना 'काका' म्हणू लागला. साहेबाने हाताखालच्या माणसाला काका म्हणावं, यापेक्षा त्याने शिव्या दिलेल्या परवडतात. महिपतरावांनी मनाशी ठरवलं की परत जाईन तर पदवी घेऊनच, नाहीतर जाणार नाही. रजेला मात्र मुदत होती. मुदतीत प्रबंध मंजूर झाला नाही तर मुकाट्याने तांब्यासमोर हजर व्हायचं होतं, नापास काका म्हणून.

विद्यापीठ पार खेडच्या पलीकडे डोंगरावर. तिथल्या मुलाखतीत गाईडनी, डॉक्टर निंबाळकरांनी, सगळ्यांना विचारलं की कशावर काम करणार. बरोबरची पोरं शहाणी होती. कुणी केळ म्हणालं, कुणी ऊस. महिपतराव म्हणाले, "आमच्या घरचा कापा फणस."

निंबाळकर साताऱ्याकडचे, पण फणसाचे शौकीन. ते खूश झाले. कारण कापा फणस ही भरवशाची गोष्ट नव्हे. बी लावावी कापा म्हणून, आणि आठ-दहा वर्षं वाट बघून झाडाला लागावा तो बुळबुळीत बरका, असा अनुभव घरोघरी आहे. पण झाडाचा कोंब घेऊन काचेच्या बाटलीत, औषधी खिरीवर वाढवला, तर येणारं रोप तंतोतंत मूळ झाडावर जातं. तसाच गरा, तसाच रंग, तीच गोडी. निंबाळकर म्हणाले, "झाड तुमचंच आहे म्हणता, मग काय अडचण?"

आता 'आमच्या घरचा' हे शब्द साताऱ्यात एका अर्थाने कळतात आणि कोकणात दुसऱ्या. ते झाड पालीजवळच्या गावात, महिपतरावांच्या पणजोबांनी लावलेलं. सुर्व्यांची तीन घरं. तिसरं घर महिपतरावांचं, ते शहरात येऊन बसलेलं. उरलेल्या दोन घरांत आप्पा आणि केरू हे त्यांचे चुलते, एकमेकांचे चुलतभाऊ. फणस दोघांच्या अंगणांच्या बरोबर मधे. आणि त्या फणसावरून आप्पाने केरूवर रत्नागिरीच्या कोर्टात दावा लावलेला होता.

दावा चालू होता म्हणजे काय, तर तारखा चालू होत्या. कोर्टाने मात्र पहिल्याच तारखेला हुकूम दिला होता की परिस्थिती जैसे थे ठेवावी आणि झाडाचा कोणताही भाग कोणीही तोडू नये. तेव्हापासून फणस झाडावर धरत होते, झाडावर पिकत होते आणि धपाधप खाली पडत होते. उतरवायला कुणाला हात लावता येत नव्हता. आणि यात वैर म्हणाल तर तेही नव्हतं. तारखेला आप्पा आणि केरू पालीहून एकाच एस.टी.ने यायचे, एकाच बाकावर बसून. पोचल्यावर एक वादी व्हायचा आणि दुसरा प्रतिवादी. पुढची तारीख पडली की दोघे महिपतरावांच्या घरी जेवायला. मथुराबाई तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवत आणि त्या दिवशी दोन माणसांचा भात जास्त टाकत.

महिपतराव गावी गेले आणि आप्पाला म्हणाले, "आप्पा, फणसाचा एक कोंब नेऊ का?"

आप्पा सुपारी कातरत होता. तो म्हणाला, "कशाला व्हवा?"

"शिक्षणाला."

"आज कोंब नेशील. उद्या म्हनशील, म्या कोंब नेला व्हता, माजी वहिवाट हाय. आमी काय येडं नाय, महिपता."

केरूच्या पडवीत गेले तर केरू म्हणाला, "तुला आप्पानं पाठवलान काय?" महिपतरावांनी शपथ घेऊन 'नाही' म्हटलं. केरू म्हणाला, "तू घेतलास तरी कोरटाचा अवमान माज्यावर येयाचा. झाड माज्या पडवीसमोर हाय." पण चहा दिला, चहाबरोबर साठं, म्हणजे रसाची वाळवलेली पोळी, दिलं. ते मागल्या साली पडलेल्या फणसाचं होतं.

इथेच महिपतरावांच्या डोक्यात उजेड पडला. झाडाचं तोडायला बंदी होती, पण पडलेलं उचलायला नव्हती. पडलेलं ते उचलेल त्याचं, ही सुर्व्यांच्या आवाठातली, म्हणजे वाडीतली, जुनी वहिवाट. कोर्टालाही तिला हात लावावासा वाटला नव्हता. पडलेला आंबा, पडलेला नारळ, पडलेला फणस उचलणाऱ्याचा. मग पडलेला कोंब का नाही?

फक्त फणसाचा कोंब काही पिकून पडत नाही. तो पाडावा लागतो, आणि पाडणाऱ्याला कोर्टाचा हुकूम लागू होतो. हा हुकूम लागू नसलेले रहिवासी त्या गावात एकच होते, ते म्हणजे वानर. ते रोज यायचे, कोवळे शेंडे मोडायचे, अर्धे खायचे आणि अर्धे टाकायचे.

तेव्हा दिवाळीनंतरच्या एका सकाळी महाराष्ट्र शासनाचा एक अधिकारी, हातात निर्जंतुक केलेली बरणी घेऊन, फणसाखाली वानराची वाट बघत बसला. एका पडवीत आप्पा, दुसऱ्या पडवीत केरू, दोघेही साक्षीदार म्हणून. महिपतराव हात वर करताहेत का यावर दोघांचं बारीक लक्ष. वानर रोज सकाळी येणारे, त्या दिवशी आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आवाठातल्या बायका पाण्याला जाताना विचारू लागल्या की सुर्व्यांच्या म्हायपताला काय लागलाय, देवऋषी बघितलान का. तिसऱ्या दिवशी महिपतराव हात धुवायला म्हणून उठले आणि मागे टोळी उतरली. एका बापड्याने शेंडा मोडला, वास घेतला, आणि न आवडून थेट परत येणाऱ्या महिपतरावांच्या टोपीवर टाकला.

"पडला," आप्पा म्हणाला.

"आपसूक पडला," केरूने दुजोरा दिला. त्या झाडाच्या बाबतीत त्या दोघांचं एकमत झाल्याची ही गावातली पहिली नोंद असावी.

शेंडा ओल्या फडक्यात, फडकं बरणीत, बरणी मांडीवर, असे महिपतराव पाली, हातखंबा, खेड करत निघाले. हातखंब्याला गाडी बदलताना शेंड्याच्या चिकाने बोटं एकमेकांना चिकटली. खोबरेल मागायला दुकानात गेले तर दुकानदाराने आधी सल्ला दिला, मग इतिहास विचारला आणि शेवटी तेल दिलं. तोवर खेडची गाडी गेली. पुढच्या गाडीत कंडक्टर म्हणाला की झाडाला तिकीट पडतं. महिपतराव म्हणाले, हे झाड नाही, हा कोंब आहे. कंडक्टर म्हणाला, मग उतरेपर्यंत वाढला तर? गाडी हसली. महिपतराव खिडकीबाहेर बघत राहिले. या वयात गाडीभर लोकांनी आपल्याला हसावं यासाठी आपण घर सोडलंय का, असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर डोळ्यात पाणीही आलं.

प्रयोगशाळेत त्या शेंड्याचे बारीक तुकडे होऊन ते बाटल्यांत गेले, आणि मरायला लागले. काही चिकामुळे काळे पडले. काहींवर बुरशी आली, पांढरी आणि टवटवीत. तिला ती खीर फार मानवली. काही वीज गेल्याने गेले, काही वीज आल्याने. महिपतराव दर आठवड्याला रत्नागिरीहून डोंगरावर जात आणि मयताला जाऊन आल्यासारखे परत येत. होळीपर्यंत एकच बाटली जिवंत राहिली. तिच्यात मात्र एक रोप उभं राहिलं होतं, दोन पेरांचं, चार पानांचं आणि खाली पांढरी मुळं सोडलेलं.

निंबाळकर म्हणाले, "एका रोपावर प्रबंध कसा होणार, सुर्वे?"

महिपतरावांचा चेहरा बघून त्यांनाच दया आली असावी. त्यांनी प्रबंधाच्या नावात एक शब्द घातला आणि ते 'कापा फणसाच्या ऊतीसंवर्धनातील अडचणी' असं केलं. अडचणींना तर महिपतरावांकडे तोटा नव्हता. मात्र एक अट राहिली. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला ते रोप जिवंत दाखवायला हवं होतं. रोप मेलं तर अडचणीच उरतील आणि संवर्धन उरणार नाही.

एप्रिल लागला आणि प्रयोगशाळेतलं थंड हवेचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीचा माणूस मुंबईहून यायचा होता, आणि मुंबईहून येणारा माणूस गणपतीलाच येतो. महिपतराव बाटली उराशी धरून रत्नागिरीला आले. तिला जगायला गारवा हवा होता आणि सगळ्या माळनाक्यावर तसं यंत्र एकाच घरी होतं. गफूरभाईंच्या मुलाने कुवेतहून आणून ते बापाच्या निजायच्या खोलीत बसवलं होतं. गफूरभाई ते फक्त पाहुणे आले की लावत.

"ठेवा की," गफूरभाई म्हणाले. "पाहुणाच तो."

हमिदाभाभींनी बाटली खिडकीशी, उजेडात, उशीच्या शेजारी ठेवून घेतली. पंखा सोडून रात्रभर यंत्राखाली झोपायचं म्हणून त्यांनी ट्रंकेतली रजई काढली. गल्लीतली माणसं बाटलीतलं झाड बघायला येऊ लागली. येणारा प्रत्येक जण दोन गोष्टी करी. एक, यंत्रासमोर शर्टाची बटणं काढून उभा राही. दोन, सल्ला देई. कुणी म्हणे झाकणाला भोक पाडा, कुणी म्हणे शेणाचं पाणी घाला. महिपतराव दिवसातून पाच वेळा जाऊन कुणी खरंच काही घातलं नाही ना हे बघून येत. जेवताना उठत, आंघोळीतून हाक मारून विचारत. मथुराबाई म्हणाल्या, "आपला मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा एवढे उठला नव्हतात."

आणि याच सुमारास तारीख आली. आप्पा आणि केरू कोर्टातून जेवायला आले. त्या दिवशी महिपतराव गप्प राहिले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण दीड-दोन वर्षांत ज्या विषयाबद्दल कुणी धड विचारलं नाही, तो विषय बाटलीत डोलत शेजारी उभा होता. महिपतराव दोघांना गफूरभाईंकडे घेऊन गेले.

"आप्पा, हा बघा आपला फणस. वानराने टाकलेला. तंतोतंत तोच. याच्यावर असाच कापा धरणार. आणि ही विद्या पक्की बसली की एका कोंबापासून अशी हजार रोपं करता येतात."

"हजार?" आप्पाने विचारलं.

"हजार काय, लाख."

दोघे परत आले आणि जेवायला बसले. केरूने दुसऱ्यांदा भात घेतला नाही. मथुराबाईंच्या तेव्हाच लक्षात आलं की काहीतरी बिनसलं आहे.

दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा आले, तारीख नसताना, त्याच एस.टी.ने. एकमेकांविरुद्ध आणि महिपतरावांविरुद्ध असे अर्ज दोघांनी दिले. आप्पाचं म्हणणं, केरूने महिपताला हाताशी धरून फणस शहरात हलवलान. केरूचं म्हणणं, आप्पानं. महिपतराव कोर्टाच्या आवारात दोघांना गाठून कळवळून म्हणाले, "अहो, पडलेलं उचलणाऱ्याचं. तुम्हीच म्हणालात."

"त्या खायाच्या वहिवाटीचा बोललो," केरू म्हणाला. "पडलेलं उचलून कोन झाड उभा करील ह्ये कुनाला म्हायती?"

"हजार झाडा," आप्पा म्हणाला. "नि त्यात आमचा वाटा नाय."

मनातल्या मनात ते महिपतरावांना पटलंही होतं.

महिपतरावांनी केलेल्या वकिलाने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की न्यायाधीश एकच प्रश्न विचारतील, आणि त्याला एका वाक्यात उत्तर द्या की हे झाड वेगळं आहे. "वेगळं झाड म्हटलं की जैसे थे त्याला लागत नाही. बाटली घेऊन घरी जा." मथुराबाईंनीही निघताना हेच बजावलं. गफूरभाई सुद्धा म्हणाले, "वेगळाच हाय तो. तो गावात, हा माझ्या उशीशी." महिपतरावांनी वाटेत तीनदा घोकलं की वेगळं झाड, वेगळं झाड.

पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ झाली. न्यायाधीश चष्मा काढून म्हणाले, "सुर्वे, मला हे नीट समजावून सांगा. बाटलीतलं रोप आणि वादातलं झाड, ही दोन झाडं आहेत की एकच?"

आता यात न्यायाधीशांचाही काही दोष नव्हता. त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं. ते पेन टेकवून, मान किंचित पुढे काढून वाट बघत होते. गेल्या दोन वर्षांत महिपतरावांकडे असं कुणी बघितलं नव्हतं. न्हाव्याने नाही, बायकोने नाही, तांब्याने तर नाहीच. महिपतरावांनी पिंजऱ्याचा कठडा धरला आणि सुरुवातीपासून सांगायला घेतलं. पेशी म्हणजे काय. एका पेशीत अख्खं झाड कसं असतं. बीत दोन झाडांचा संसार असतो म्हणून भरवसा नसतो, आणि कोंबात एकाच झाडाचं एकटेपण असतं. वकिलाने कपाळाला हात लावला. कारकून लिहायचा थांबला. बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. शेवटी महिपतराव म्हणाले, "साहेब, हे त्या झाडाचं मूल नव्हे. हे तेच झाड आहे. पेशीन् पेशी."

"शपथेवर सांगता?"

"शपथेवर. प्रबंधातही हेच लिहिलंय."

न्यायाधीशांनी त्यांचे आभार मानले आणि हुकूम लिहिला. साक्षीदाराच्या तज्ज्ञ साक्षीवरून सदर रोप हे वादातील झाडच असल्याने मूळ हुकूम त्यालाही लागू आहे. बाटली उघडू नये, रोप काढू नये, ज्या स्थितीत ज्या जागी आहे तिथेच ठेवावी. परीक्षेपुरती बेलीफाच्या ताब्यात नेण्यास हरकत नाही. त्यानंतर कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली.

दादू बेलीफ आला आणि झाकणावर लाख ओतून मोहोर मारून गेला. 'ज्या स्थितीत' या शब्दांचा अर्थ गफूरभाईंनी बोटीवरच्या शिस्तीने लावला. यंत्र चालू स्थितीत होतं, म्हणून ते बंद करायचं नाही. भर मे महिन्यात गफूरभाई कानटोपी घालून झोपू लागले. हमिदाभाभी रजईसकट स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "महिपतभाऊंचं शिक्षण होईपर्यंत आमचं निमोनिया होईल."

परीक्षेला महिपतराव, मांडीवर बाटली आणि शेजारी दादू बेलीफ अशी एस.टी.ने वरात निघाली. कंडक्टर तोच होता. मोहोर बघून त्याने तिकिटाचं नाव काढलं नाही.

बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी बाटली फिरवून बघितली आणि विचारलं, "हे बाटलीच्या बाहेर का काढलं नाही?"

"कोर्टाची मनाई आहे, सर."

परीक्षकांनी निंबाळकरांकडे बघितलं. निंबाळकर छताकडे बघत होते.

"ठीक. हे मूळ झाडाशी तंतोतंत जुळतं असं तुम्ही लिहिता. कशावरून?"

हाच प्रश्न महिपतरावांना नको होता. फळ धरायला आठ वर्षं, आणि दुसरी काही चाचणी करायची तर सामान प्रयोगशाळेत नव्हतं. तांब्याचा आवाज त्यांच्या कानात ऐकू येऊ लागला. तेवढ्यात कोपऱ्यात स्टुलावर बसलेला दादू बेलीफ उठला, पिशवीतून कागद काढला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, "त्या कोरटानं ठरवलाय, सायेब. सही-शिक्का हाय."

परीक्षकांनी हुकूम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. "कोर्टाने हे कशावरून ठरवलं?"

"माझ्या साक्षीवरून," महिपतराव म्हणाले.

"आणि तुम्ही कशावरून म्हणता?"

महिपतराव प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "आता कोर्टाच्या हुकमावरून."

परीक्षकांनी प्रबंध मिटला, त्याचं नाव पुन्हा वाचलं आणि त्यातल्या 'अडचणी' या शब्दावर बोट ठेवलं. "हे मात्र तुम्ही निःसंशय सिद्ध केलंय," ते म्हणाले आणि सही केली. महिपतराव बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसले. दादूने त्यांना पाणी आणून दिलं. आपण पास झालो हे त्यांना पाणी पिऊन झाल्यावर कळलं, आणि मग ते दादूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

पदवी पदरात पडली, पण रोप बाटलीतच होतं. ते वाढत होतं. त्याचा शेंडा झाकणाला लागला, मग वाकला, मग वळून खाली आला. खीर संपत आली. खालचं पान पिवळं पडलं. महिपतराव रोज सकाळी जाऊन बघून येत. आता यात शिक्षणाचा प्रश्न उरला नव्हता. तरीही त्यांना चैन पडत नव्हतं. जिवंत झाड आपण मोहोर मारून कोंडलंय, आणि तेही खरं बोलून कोंडलंय, या विचाराने त्यांचं जेवण गोड लागेना.

जूनमध्ये कोर्ट उघडलं, तारीख आली. जेवायच्या आधी महिपतराव दोघा चुलत्यांना काही न सांगता गफूरभाईंच्या खोलीत घेऊन गेले. दोघे थंडीत कुडकुडत बाटलीसमोर उभे राहिले. इतकी वर्षं पिकून पडणारे फणस बघून ज्यांना काही वाटलं नव्हतं, ते दोघे त्या वाकलेल्या शेंड्याकडे बघत राहिले.

"ह्येला वारो नाय," केरू म्हणाला.

"पान पिवळा झालाय." आप्पाने काचेवर बोट ठेवलं. "महिपता, मरंल काय त्यो?"

"मरेल. आठवड्याभरात."

"आज्यानं लावलेला फणस हाय," केरू म्हणाला. "त्येला आपन कोंडून मारताव, आप्पा."

आप्पाने नाक पुसलं. ते थंडीने असेल. "म्हायती हाय मला," तो म्हणाला. "चल."

दोघे जेवायला थांबले नाहीत. कोर्टात गेले आणि दोन्ही वकिलांना धक्का देत तडजोड लिहून दिली. मोठ्या फणसाची फळं आळीपाळीने, एक वर्षाआड, आणि बाटलीतलं रोप दोघांच्या अंगणांच्या मधोमध, मोठ्या झाडापासून थोडं हटून लावायचं. लाख फोडायला दादू आला. झाकण निघालं तेव्हा गफूरभाईंनी स्वतःच्या हाताने यंत्र बंद केलं आणि हमिदाभाभींनी सगळ्यांना सरबत दिलं. रोप कुंडीत तगलं आणि पावसाचा जोर ओसरल्यावर गावी लागलं. आवाठ जमलं, नारळ फुटला. आप्पाने देवाला गाऱ्हाणं घातलं आणि त्यात महिपतच्या शिक्षणाचंही नाव घेतलं, अर्ध्यापर्यंत.

महिपतराव पदवी घेऊन कचेरीत हजर झाले. कारकुनाने यादी काढून बघितली आणि सांगितलं की या नावाचा विषय यादीत नाही, वर लिहून विचारावं लागेल. तांबे उठून उभा राहिला, हात मिळवला आणि म्हणाला, "अभिनंदन, काका." महिपतराव आपल्या जुन्या खुर्चीत बसले. दुपारभर त्यांना काही सुचलं नाही.

आणि मथुराबाईंनाही करमेना. कॅलेंडर कोरं होतं. तारखा नाहीत म्हणजे चुलते नाहीत, भात तेवढाच. गावाहून येणारे सांगत की आप्पा आणि केरू आपापल्या पडवीत बसून असतात, पालीच्या बाजारालाही जात नाहीत.

शिमगा झाल्यावर एका सकाळी दार वाजलं. दारात आप्पा आणि केरू, दोघांच्या बगलेत कागदांच्या पिशव्या, चेहरे तरतरीत.

"रोपाला नवी फांदी फुटलीय," आप्पा म्हणाला. "ती ह्येच्या अंगणात गेलीय."

"गेलीय कुठं, माज्या अंगणातच फुटलीय," केरू म्हणाला.

"दावा लावलाव. आज पयली तारीख. महिपता, तुला साक्षीला येयाला लागंल."

"मी कशाला?"

आप्पाने पिशवीतून दाव्याचा कागद काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि देवळात पोथी वाचावी तसा एकेक अक्षर सुटं करत वाचला. "श्री महिपत सुर्वे, एम.एस्सी., कृषी जैवतंत्रज्ञान, तज्ज्ञ साक्षीदार." नाव शेवटपर्यंत झालं. कुठेही अडखळलं नाही, शेपूट गळलं नाही. केरू म्हणाला, "माज्या वकिलानं पन तुजाच नाव घातलानाय."

महिपतरावांनी खुंटीवरचा कोट काढला आणि झटकला. आत मथुराबाईंनी न विचारता दोन माणसांचे तांदूळ जास्त घेतले. कॉलर नीट करता करता महिपतरावांच्या मनात आलं की आपण प्रबंधात काही खोटं लिहिलं नव्हतं. झाड तंतोतंत उतरलं होतं, दाव्यासकट.